कुत्रा, दोरी आणि ‘बैस’

मराठी माणूस कुत्र्याशी पूर्वापार तीन शब्द बोलत आला आहे : ‘यू यू’, ‘छू’ आणि ‘हाड’. पहिल्याने कुत्रा जवळ येतो, दुसऱ्याने कोणाच्या तरी अंगावर जातो आणि तिसऱ्याने चालता होतो. या तिघांत भरभराट झाली ती ‘हाड’ची. ‘हडतहुडुत करणे’ हा माणसांनाही सर्रास लागू पडणारा वाक्प्रचार त्याच्याच घराण्यातला असावा. पण कुत्र्याला खाली बसवण्यासाठी, किंवा ‘माझ्या बाजूने, माझ्या चालीने चाल’ असे सांगण्यासाठी, आपल्या बोलण्यात खास शब्द सापडत नाही.

कारण उघड आहे. आपला कुत्रा अंगणात, गोठ्याशी, बांधावर नाही तर आळीच्या तोंडाशी राहत असे. तो घरात येत नसे, म्हणून त्याला बसवण्याचा प्रश्न नव्हता. बांधलेला नसे, म्हणून सोबत चालवण्याचाही नव्हता. धनगराचा कुत्रा मेंढरांबरोबर कोसच्या कोस चालतो, तो कोणी हुकूम केला म्हणून नव्हे. कळप हेच त्याचे घर असते आणि घर चालू लागले की तोही चालू लागतो. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. त्यांतल्या एकाच्याही गळ्यात दोरी मी तरी पाहिलेली नाही.

आता मात्र कुत्रा तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टने खाली येतो. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, पट्ट्याला दोरी असते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसला उशीर होत असलेला माणूस असतो. पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या आवारात सकाळी पाऊण तास उभे राहिले तर ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’, ‘हील’ असे शब्द ऐकू येतात. आपल्या मुलाने आईला ‘आई’च म्हणावे म्हणून हट्ट धरणारी घरेही कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात. मला प्रथम याचे हसू आले, मग कुतूहल वाटले. ‘सिट’ आणि ‘हील’ या दोन धड्यांत नक्की काय शिकवले जाते आणि ते कुत्र्याच्या बाजूने कसे दिसते, याचा शोध मी घेऊ लागले. वाचत गेले, पाहत गेले आणि घरी आलेल्या एका गावठी पिल्लावर करूनही पाहिले.

कुत्र्याला शिकवण्याचे शास्त्र आपल्याकडे अगदीच नव्हते असे नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. पण तो विनोद शिकारीचा आहे. त्याहून कितीतरी जुना ग्रीक लेखक झेनोफन आपल्या शिकारीवरच्या पुस्तकात कुत्र्यांची नावे आखूड ठेवावीत, म्हणजे हाक मारायला सोपी जातात, असे सांगतो आणि नावांची लांबलचक यादीच देतो. शिकारी कुत्र्याच्या गळ्यातली दोरी ही मुख्यतः सोडण्यासाठी असते. सावज दिसेपर्यंत धरून ठेवायचे आणि मग मोकळे करायचे. आमच्या आवारातली दोरी सोडण्यासाठी नसतेच. दोन्हीकडे वस्तू एकच, काम मात्र उलटे.

न सुटणाऱ्या दोरीचा अभ्यास शिकाऱ्यांनी नव्हे, तर पोलिसांनी आणि सैन्याने केला. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. पुढे जर्मन सैन्याच्या कुत्र्यांचे कामही त्याच्याकडे आले. हा माणूस विलक्षण बारकाईने पाहणारा होता. कुत्र्याला आपले नीतिनियम कळत नाहीत, त्याला फक्त ‘हे केल्यावर लगेच काय झाले’ एवढेच कळते, हे मोस्टने रोजच्या कामातून हेरले होते. मात्र त्या ज्ञानाचा उपयोग त्याने काटेरी गळपट्टा आणि छडी कोणत्या क्षणी वापरावी हे ठरवण्यासाठीही केला. अमेरिकेत विल्यम कोलर याने तीच परंपरा पुढे नेली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची कुत्री आणि नंतर डिस्नेच्या चित्रपटांतली कुत्री शिकवणाऱ्या या माणसाचे पुस्तक १९६२ साली आले. बागेत खड्डे खणणाऱ्या कुत्र्याचे डोके त्याच खड्ड्यात पाणी भरून बुडवावे, हा सल्ला त्याच पुस्तकातला. १९८० मध्ये बीबीसीवर बार्बरा वुडहाऊस या आजीबाईंनी अख्ख्या ब्रिटनला कुत्रे चालवायला शिकवले. त्यांचा आवाज गोड होता, पण हातात आवळणारी साखळी होती आणि तिला हिसका द्यायचा होता. आपल्याकडची ‘सिट’ आणि ‘हील’ ही सैन्य-पोलिसांच्या इंग्रजी वहिवाटीतून आणि अशाच पुस्तकांतून बंगल्यांत उतरली आणि बंगल्यांतून फ्लॅटमध्ये आली. (मुंबई पोलिसांच्या ज्या लाडक्या लॅब्रॅडॉरने १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुंगून काढली, त्याचे नाव ‘झंजीर’ होते. झंजीर म्हणजे साखळीच. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बहुधा अमिताभ असावा.)

या पद्धतीला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक तत्त्वज्ञानही चिकटले : कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक दांडगा पुढारी असतो, म्हणून मालकाने पुढारी व्हावे. या समजुतीचे एक मूळ रुडॉल्फ शेंकेल याच्या १९४७ च्या निबंधात आहे. त्याने पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना लोकप्रिय केली. मग कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर त्याने मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिले, की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एवढेच. पुढारीपण लढून मिळवलेले नसते. एकत्र कुटुंबातल्या भांडणावरून लांडग्यांचा सिद्धांत कोणी मांडला असता तर तो शेंकेलपेक्षा फार वेगळा झाला नसता. मेक आपले जुने पुस्तक बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. आवारात मात्र ‘आधी आपण जेवायचं, मग कुत्र्याला घालायचं, म्हणजे बॉस कोण ते त्याला कळतं’ हे वाक्य मी गेल्या वर्षातही ऐकले.

दुसरा रस्ता प्रयोगशाळेतून आला, आणि त्याची खूण आपल्या जत्रेत मिळते. दाबले की टिक-टिक करणारा पत्र्याचा बेडूक आठवतो ना? बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला : जनावरांना कसे शिकवावे. त्यात त्याने नेमके असले टिकटिक खेळणे वापरायला सांगितले आहे. आधी अनेकदा टिक करायचे आणि लगेच खाऊ द्यायचा. मग टिक ऐकले की कुत्र्याला खाऊ आल्यासारखेच वाटू लागते. यानंतर टिकटिकी म्हणजे जणू लांबून दाबता येणारे बटण : हवी ती हालचाल घडली, त्याच क्षणी टिक. खाऊ पोचायला एकदोन सेकंद लागतात, तेवढ्यात कुत्रा दुसरे काहीतरी करून बसतो. टिक मात्र वेळेवर पोचते.

हे तत्त्व धंद्यात प्रथम आणले ते स्किनरचेच विद्यार्थी केलर आणि मारियन ब्रेलँड या नवराबायकोने. पण ते रूढ व्हायला कुत्र्यापेक्षा डॉल्फिन उपयोगी पडला. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही. त्याला हिसका देता येत नाही, रागावले तर तो पोहत दूर जातो. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ मध्ये याच अनुभवावर पुस्तक लिहिले आणि कुत्रे पाळणाऱ्यांना विचारात पाडले : दोरी नसती तर आपण कसे शिकवले असते?

या प्रश्नाने ‘बसणे’ हा धडा पूर्ण बदलतो. जुनी रीत अशी, की एका हाताने गळपट्टा वर ओढायचा, दुसऱ्याने कंबर खाली दाबायची. अंग दाबले की जनावर त्याविरुद्ध जोर लावते, आपणही लावतो. पिल्लाचे खुब्याचे सांधे तर अजून घडत असतात. नव्या रीतीत कुत्र्याच्या हाडांची रचनाच आपले काम करते. हरभऱ्याच्या दाण्याएवढा चिकनचा किंवा चीजचा तुकडा बोटांत धरून नाकाजवळ न्यायचा आणि सावकाश, दोन्ही कानांच्या मधून मागे सरकवायचा. नाक वर गेले की मान वर जाते, मान वर गेली की पाठीचा उतार होतो आणि बूड आपोआप जमिनीकडे येते. हात फार उंच गेला तर कुत्रा उडी मारतो, फार वेगाने गेला तर मागे मागे सरकतो. बूड टेकले, त्याच क्षणी टिक. टिकटिकी नसेल तर एखादा ठरावीक, आखूड शब्द. आम्ही ‘हं’ वापरला. आणि खाऊ द्यायचा तो बसलेला असतानाच. कुत्रा उठून खाऊकडे आला आणि आपण तो दिला, तर आपण बसण्याचे नव्हे, उठण्याचे दाम दिले.

असे पाचसहा वेळा झाले की तुकडा हातातून काढून घ्यायचा. हात तसाच फिरवायचा, पण रिकामा. खाऊ दुसऱ्या हातातून, काम झाल्यावर. खूप जणांचे गाडे इथे अडते. ‘आमचा फक्त खाऊ दिसला तरच बसतो’ ही तक्रार म्हणजे तुकडा हातात फार दिवस राहिल्याची खूण आहे. आधी दाखवायची ती लाच आणि नंतर द्यायचा तो पगार. कुत्र्यालाही हा भेद लवकर कळतो.

शब्द सर्वांत शेवटी येतो, हे मला सगळ्यात नवलाचे वाटले. आपण शब्दापासून सुरुवात करतो, कारण आपण शब्दांत राहतो. ‘सिट, सिट, सिट्‌ ना रे, सिट’ असे उभ्या कुत्र्याला दहा वेळा म्हटले तर ‘सिट’ हा उभे असताना ऐकू येणारा एक आवाज ठरतो. हाताच्या खुणेवर कुत्रा दहापैकी नऊ वेळा बसू लागला, की मग शब्द एकदाच म्हणायचा, क्षणभर थांबायचे आणि मग हात फिरवायचा. शब्द आधी, खूण नंतर. दोन्ही एकदम केले तर कुत्रा हाताकडेच पाहत राहतो आणि शब्द वाया जातो. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनी हेच दाखवले होते : आधी येणारी गोष्ट ही नंतर येणाऱ्या गोष्टीची वर्दी ठरते.

आणि कुत्रा हाताकडे पाहतो, त्याला कारण आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या अभ्यासकांनी रस्त्यावरच्या, कोणीही न शिकवलेल्या कुत्र्यांवर केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भांडी ठेवायची, अनोळखी माणसाने त्यांतल्या एकाकडे बोट दाखवायचे. पुष्कळ कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. पण जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवलेलेच भांडे गाठले. हाड-हाड करणाऱ्यांच्या गावात जगायचे तर हात कुठे चालला आहे, त्यात भाकरी आहे की दगड, हे वाचता यावेच लागते. आमच्या पिल्लाला शब्द कळायला काही दिवस लागले, माझा खांदा कळायला एक सकाळ पुरली.

मग शब्द कोणता? कुत्र्याला भाषेचे वावडे नाही. जर्मन परंपरेत शिकलेली कुत्री जगभर ‘सिट्झ’ ऐकून बसतात आणि ‘फूस’ ऐकून डाव्या पायाशी येतात. ‘फूस’चा अर्थ नुसता ‘पाऊल’ आहे. तसे पाहता ‘बस’ काही वाईट नाही. पण मराठी घरात ‘बस’ दिवसभर हवेत असतो. पाहुणा आला की ‘बसा’, पानात भात पडला की ‘बस, बस’, मुलगी धावत निघाली की ‘बस चुकेल’. जो आवाज काहीच न घडता पुन्हा पुन्हा कानावर पडतो, त्याला पुढे अर्थ चिकटवणे अवघड जाते. १९५९ मध्ये लुबो आणि मूर या संशोधकांनी हे मेंढ्याबकऱ्यांवर प्रयोग करून दाखवले. या हिशेबाने मराठी घरात ‘सिट’चा फायदा एवढाच, की तो शब्द एरवी कोणी वापरत नाही. हाच फायदा मराठीतही मिळवता येतो. आम्ही ‘बैस’ घेतला. आमच्या घरात ‘बैस’ हे रूप आता फक्त कुत्र्यासाठी उरले आहे आणि ते त्याला उत्तम कळते.

म्हणजे स्वयंपाकघरात कळते. जिन्यात कळत नाही, आवारात तर नाहीच. कुत्रा नुसता शब्द शिकत नाही, तो प्रसंग शिकतो : ओटा, फरशी, कुकरची शिट्टी आणि ‘बैस’. म्हणून तोच धडा बैठकीच्या खोलीत, गॅलरीत, जिन्यात, रिकाम्या आवारात, मग माणसांच्या आवारात असा पुन्हा पुन्हा, दर वेळी जवळपास पहिल्या इयत्तेपासून द्यावा लागतो. दर पायरीला वेळ कमी लागतो, पण पायरी गाळता येत नाही. ‘घरी सगळं ऐकतो, बाहेर मुद्दाम करतो’ असे म्हणणाऱ्यांच्या कुत्र्यात मुद्दाम असे काही नसते. बाहेरचा धडा त्याला कोणी दिलेला नसतो.

सोबत चालणे हा याहून फार कठीण धडा आहे, आणि त्याची जात वेगळी आहे. बसणे ही कुत्र्याची स्वतःची हालचाल आहे. आपण फक्त तिच्यासाठी वेळ ठरवून देतो. माणसाच्या पायाशी माणसाच्या वेगाने सरळ रेषेत चालणे हे मात्र कुत्र्याच्या कोणत्याच गरजेत बसत नाही. त्याची सहज चाल आपल्यापेक्षा जलद असते. तो सरळ जात नाही, वासाच्या मागे नागमोडी जातो. विजेचा खांब हा त्याच्यासाठी सकाळचा पेपर असतो आणि आपण तो त्याला एकही बातमी वाचू न देता ओढत नेतो.

मग तो ओढतो. का ओढतो, याचे एक उत्तर फार साधे आहे : ओढल्याने काम होते. कुत्र्याने दोरी ताणली, आपण एक पाऊल पुढे गेलो, खांब एक पाऊल जवळ आला. हे त्याचे वेतन. रोज शंभर वेळा आपण ओढण्याचा पगार देतो आणि वर ‘ओढू नको’ म्हणतो. दर वेळी पुढे जायला मिळाले नाही तरी बिघडत नाही, उलट अधूनमधून मिळणारे वेतन सवय जास्त पक्की करते. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याकडे लॉटरीचे तिकीट विकणारा हेच एका वाक्यात सांगेल.

दुसरे उत्तर अंगाचे आहे. दाब आला की त्याच्या उलट जोर लावायचा, ही जनावराची प्रवृत्तीच आहे. ती पाव्हलॉव्हला १९१७ मध्ये वेगळ्याच रूपात भेटली. प्रयोगासाठी कुत्र्याला चौकटीत पट्ट्यांनी उभे करत. बहुतेक कुत्र्यांना त्याची सवय होई. एक कुत्रा मात्र काही केल्या शांत होईना. एरवी माणसाळलेला, पण पट्टे बांधले की धडपड, धाप आणि अखंड लाळ. पाव्हलॉव्हने आणि त्याच्या सहकाऱ्याने याला ‘स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया’ असे नाव दिले. साल १९१७, शहर पेत्रोग्राड. नावातला योगायोग तिथल्या श्रोत्यांना जाणवला नसेल असे वाटत नाही. आणि उपाय? कुत्र्याला चौकटीबाहेर अन्न द्यायचे नाही. तो आधी जेमतेम खायचा, रोडावला, हळूहळू चौकटीतच पूर्ण जेवू लागला आणि शांत झाला.

हा प्रयोग वाचल्यापासून खाऊ देऊन शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मी जरा जपून बोलते. तिचे कैवारी कधी कधी असे बोलतात, की जणू हिसका म्हणजे गुलामी आणि चिकनचा तुकडा म्हणजे स्वातंत्र्य. तसे नाही. दार आपण उघडतो, वाटी आपण भरतो, दोरीचे मोकळे टोक आपल्याच हातात असते. भुकेल्याला दिलेला तुकडा हीसुद्धा सत्ताच आहे. तरीही दोन्ही सारख्या नाहीत, आणि ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. पोर्तुगालमध्ये शिकवणीच्या सात वर्गांतली ९२ पाळीव कुत्री अभ्यासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिसका आणि दटावणीने शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांत धापा टाकणे, ओठ चाटणे, अंग चोरणे अशी ताणाची चिन्हे जास्त दिसली, शिकवणीनंतर लाळेतले कॉर्टिसोलही वाढले. गळपट्टा ओढला गेला की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, छातीच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, हेही मोजले गेले आहे. म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याला शिकवणी चालू असेपर्यंत तरी छातीचा पट्टा घालावा.

आता रीत. सुरुवात दोरीशिवाय, घरातच. आपण खोलीत फिरायचे. कुत्रा आपल्या डाव्या पायाजवळ आला की टिक आणि खाऊ. डावी बाजूच का, याचे कारण असे सांगतात की शिकाऱ्याच्या आणि शिपायाच्या उजव्या हातात हत्यार असे. आपल्या उजव्या हातात फार तर मोबाइल असतो. बाजू कोणतीही चालेल, पण रोज तीच हवी. खाऊ कुठे दिला जातो याला फार महत्त्व आहे. जिथे तुकडा मिळतो तिथे कुत्र्याला असावेसे वाटते. म्हणून तो पायाच्या शिवणीला लागून, खाली, डाव्या हाताने द्यायचा. उजव्या हाताने समोरून दिला तर कुत्रा समोर वळतो आणि आपण त्याला अडखळतो. आधी एका पावलाला एक तुकडा, मग दोन पावलांना, मग पाच. पाचवरून एकदम पन्नासवर जाणारे लोक पुन्हा एकवर येतात.

मग दीड-दोन मीटरची साधी दोरी. गुंडाळी होऊन आपोआप लांब-आखूड होणारी नको. तिच्यात दोरी कायमच ताणलेली असते आणि ताण म्हणजेच चालणे असे कुत्रा शिकतो. दोरीला झोळ असला पाहिजे, कपडे वाळत घालायच्या जुन्या दोरीला असतो तसा. झोळ गेला की आपण थांबायचे. ओढायचे नाही, बोलायचे नाही, नुसते झाड व्हायचे. कुत्रा ताणून उभा राहील, भुंकेल, खांबाकडे पाहील. कधीतरी मागे वळून पाहील किंवा अर्धे पाऊल मागे घेईल आणि दोरी सैल पडेल. त्याच क्षणी ‘हं’ आणि चाल पुढे. इथे पगार तुकड्याचा नाही, पुढे जाण्याचाच आहे. आणि अधूनमधून बोनस म्हणून मुद्दाम खांबाकडे न्यायचे आणि म्हणायचे, ‘जा, हुंग.’ पहिले काही दिवस पंधरा मिनिटांत फाटकापर्यंतही पोचणे होत नाही. ज्यांना पोचायची घाई असते त्यांनी शिकवणीची फेरी आणि विधीची फेरी वेगळ्या ठेवाव्यात.

स्पर्धांतले ‘हील’ याहून वेगळे. तिथे कुत्र्याचा खांदा माणसाच्या पायाच्या रेषेत आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर लागते. दिसायला ते देखणे असते, पण अर्धा तास मान वर करून चालणे ही फिरायला नेण्याची रीत नव्हे. रोजच्या जगण्यात ते तीस-चाळीस पावलांपुरते लागते : रस्ता ओलांडताना, लिफ्टमधून लहान मूल बाहेर येताना, समोरून दुसरा कुत्रा येताना. एवढ्यापुरते मागावे, चांगले दाम द्यावे आणि ‘झालं’ म्हणून मोकळे करावे. हा सुटकेचा शब्द नसेल तर सुटका कधी झाली हे कुत्राच ठरवतो. एरवी फक्त झोळ सांभाळावा. पुढे, मागे, खांबाशी, गवतात, दोरीच्या लांबीत कुठे राहायचे ते त्याच्यावर सोडावे. सत्ता आपली आहे हे खरे मानले, तर तिच्यात त्याला ‘नाही’ म्हणता येईल एवढी जागा ठेवणे हे आपलेच काम ठरते. त्या जागेचे माप म्हणजे हा झोळ.

खरी अडचण कुत्र्याची नसते, घराची असते. सकाळी वडील नेतात आणि दर वेळी थांबतात. दुपारी मुलगा कानात गाणी घालून ओढला जातो. संध्याकाळी आजी ‘अरे हळू, पडेन मी’ म्हणत त्याच्या मागे धावतात. कामाच्या मावशी त्याला पोळीचा तुकडा देतात, उडी मारल्यावर. एकाचा शब्द ‘सिट’, दुसऱ्याचा ‘बस’, तिसऱ्याचा ‘खाली रे’. कुत्रा यातून जे शिकतो ते अगदी बरोबर शिकतो : कोणासमोर काय चालते. शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण शेपटीच्या हाडांपुरती खरी असेल. कुत्र्याच्या वागण्यात मात्र नळीचीच वळणे उमटतात. आम्ही फ्रिजवर कागद लावला : तीन शब्द, त्यांचे अर्थ, आणि दोरी ताणली तर थांबायचे. सोबत चालण्यासाठी सासूबाईंनी त्यांच्या सातारकडचा ‘संगं’ सुचवला. तो ‘बैस’शी आवाजात कुठेच मिळत नाही, हे त्याचे मोठे लक्षण. शिकवणी एका वेळी चारपाच मिनिटे, जेवणाआधी, दिवसातून दोनतीनदा. बेदाणे आणि चॉकलेट खाऊ म्हणून कधीच नाही. दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

हा अंक हाती पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील, म्हणून एवढे सांगते. या दिवसांत नवा धडा सुरू करू नये. घाबरलेला कुत्रा आवडता तुकडाही तोंडात घेत नाही. तो हट्ट नसतो, भीती पोटापर्यंत गेल्याची ती खूण असते. अशा वेळी ‘बैस’ म्हणत राहिले तर महिनाभर कमावलेला शब्द आवाजाच्या भीतीशी जोडला जातो. फिरायला पहाटे, फटाके सुरू होण्याआधी किंवा ते थांबल्यावर न्यावे. गळपट्टा आणि छातीचा पट्टा असे दोन्ही घालून दोरी दोहोंत अडकवावी; एका सुतळी बॉम्बने बिथरलेले कुत्रे सैल गळपट्ट्यातून मान काढून पळतात. गळपट्ट्याखाली दोन बोटे जातील, तिसरे जाणार नाही, एवढी जागा असावी. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला असावा. आमचे पिल्लू या दिवसांत पलंगाखाली राहते. तिथे त्याला कोणी काही शिकवत नाही.